तिवराच्या पानावरचं मीठ

जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या दुपारी खाडीकाठी जा, तिवराची फांदी न तोडता हलकेच खाली ओढा आणि पानाला जीभ लावा. पान खारट लागतं. लाटांचे तुषार उडून बसलेलं हे मीठ नव्हे. खाडीच्या आत, जिथे लाट कधी फुटतच नाही, तिथल्या तिवरांची पानंही अशीच खारट असतात. पान उन्हात तिरकं धरलं तर त्यावर बारीक कण लुकलुकतात आणि बोटाने पुसले तर बोटावर पांढुरकी पूड येते. हे मीठ झाडाने स्वतः बाहेर टाकलेलं असतं. चिखलातल्या पाण्याबरोबर ते मुळांतून वर चढलं, पानापर्यंत पोचलं आणि पानाच्या त्वचेतल्या सूक्ष्म ग्रंथींनी ते थेंबाथेंबाने बाहेर काढलं. पावसाळ्यात ते धुऊन जातं. थंडीत पहाटे हवेतला ओलावा ओढून ते विरघळलेलं असतं, त्यामुळे पान नुसतं दमट दिसतं. ऊन चढलं, हवा कोरडी झाली, की पाणी उडतं आणि मीठ उरतं.

कोकणच्या किनाऱ्यावर पायी फिरण्याचा खरा ऋतू हिवाळाच. पावसाळी लाटांनी ओरबाडून नेलेली वाळू शांत झालेला समुद्र पुन्हा आणून टाकतो, पुळण रुंद होते आणि उत्तरेकडचे पाहुणे पक्षी येऊन स्थिरावलेले असतात. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, लाडघर या दापोलीच्या पट्ट्यात सकाळी चालत निघालं तर कुरव, सुरय, चिखल्या, तुतवार यांचे थवे जागोजागी भेटतात. बरोबर वही असेल तर नावांची यादी झरझर वाढते. यादी करावी, त्यात आनंद आहेच. पण मला त्याहून एक साधा प्रश्न मनात ठेवून चालायला आवडतं: ही सगळी मंडळी इथे पितात काय?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. माणसाचं मूत्रपिंड इतकं खारट मूत्र बनवूच शकत नाही. त्यामुळे समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ बाहेर काढायला प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्च होतं आणि माणूस पिता पिता सुकत जातो. पक्ष्यांचं मूत्रपिंड तर या कामात आपल्यापेक्षाही दुबळं. म्हणजे डोळ्यांना पाणीच पाणी दिसणारा हा किनारा शरीराच्या हिशेबाने वाळवंट आहे. तरीही तो जिवंत आहे, गजबजलेला आहे. तो कसा, हे बघायला ओहोटी गाठावी लागते.

ओहोटी गाठण्यासाठी किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान् पिढ्या एक हिशेब वापरत आली आहेत. तिथीला पाऊणने गुणायचं. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. तृतीयेला तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला भरती. त्यापुढे सहा तास आणि थोडी मिनिटं गेली की पूर्ण ओहोटी, सकाळी साडेआठच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, ओहोटीचं पाणीही तितकंच लांब जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. त्यामुळे पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया ही सकाळच्या फेरीला सर्वांत चांगली. उघडी पडलेली ओली वाळू लांबवर पसरलेली असते आणि कोवळ्या उन्हात पक्षी पोट भरण्यात गढलेले असतात. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं हे खरं, पण आकाशातल्या चंद्राकडे बघून पाणी कुठे असेल हे सांगता येणं ही फार सुंदर गोष्ट आहे.

या ओल्या वाळूवर पहिल्यांदा लक्ष वेधून घेतात ते चिखल्या. चार पावलं धावायचं, एकदम थांबायचं, मान वाकवून टोच मारायची, पुन्हा धावायचं. डोळे मोठे, चोच आखूड. त्यांची शिकार नजरेने चालते. त्यांच्यातले काही तिबेटच्या पठारावर अंडी घालतात आणि हिवाळा काढायला आपल्या समुद्रावर उतरतात. पाण्याच्या अगदी कडेला, मागे सरणाऱ्या लाटेच्या पाठोपाठ पळणारे आणि पुढची लाट आली की तितक्याच वेगाने माघारी फिरणारे फिकट रंगाचे छोटे पक्षी दिसले तर ते सँडर्लिंग. त्यांचं घर आर्क्टिकच्या अतिउत्तर भागात. दुर्बिणीतून पाय नीट दिसले तर एक गंमत कळते: इतर तुतवारांना मागच्या बाजूला असतं ते चौथं बोट यांना नाहीच.

लांब चोचीचे कर्ल्यू आणि गॉडविट यांची तऱ्हा वेगळी. चोच वाळूत मुळापर्यंत खुपसून ते न दिसणारं भक्ष्य शोधतात. या कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब आणि कंप ओळखणाऱ्या संवेदनापेशी दाटलेल्या असतात. वाळूखाली किडा हलला की चोचीला कळतं. बाकीची चोच मिटलेली ठेवून फक्त टोक उघडता येतं, म्हणून वाळूच्या दाबाखालीही घास पकडता येतो. याच गॉडविटांच्या एका जातीतलं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू २०२२ साली अलास्काहून निघालं आणि वाटेत कुठेही न उतरता ११ दिवसांत टास्मानियाला पोचलं, १३,५६० किलोमीटर. पाठीवरच्या उपग्रह-यंत्रामुळे हे समजलं. अशा उड्डाणाआधी हे पक्षी अंगात चरबी साठवतात आणि आतडी व जठर आकसून घेतात, कारण प्रवासात पचनाचं ओझं नको असतं. ओल्या वाळूवर निवांत चालणाऱ्या त्या तपकिरी पक्ष्याकडे बघताना हे आठवलं की मी बराच वेळ जागचा हलत नाही.

आता पुन्हा तहानेकडे. वाळूतले किडे, शिंपल्यातले जीव, खेकडे यांच्या अंगातलं पाणी जवळपास समुद्राइतकंच खारट असतं. माशांचं तसं नाही. त्यांच्या रक्तात समुद्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकंच मीठ असतं. म्हणजे मासा गिळणारा कुरव त्या मानाने सुखात असतो. पण किडे टिपणारा चिखल्या प्रत्येक घासाबरोबर समुद्राचा एक घोट घेत असतो, दिवसभर, शेकडो वेळा. हे मीठ जातं कुठे?

उत्तर बघायचं तर हर्णैच्या बंदरात जावं. संध्याकाळी होड्या किनाऱ्याला लागतात, वाळूतच माशांचा लिलाव चालतो आणि वर कुरवांचा कालवा असतो. त्यांतले पुष्कळसे तपकिरी डोक्याचे कुरव. नावात तपकिरी डोकं असलं तरी हिवाळ्यात ते पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर डाग राहतो. मार्चपर्यंत ते पुन्हा रंगू लागतं. पोटभर खाऊन झालेला, बाजूला जाऊन शांत बसलेला एखादा कुरव निवडा आणि त्याच्या चोचीच्या टोकावर दुर्बीण धरून ठेवा. थोड्या वेळाने तिथे एक स्वच्छ थेंब जमतो. सर्दी झालेल्या पोरासारखं त्याचं नाक गळत असतं. थेंब मोठा झाला की पक्षी मानेला झटका देतो, थेंब उडतो, आणि दुसरा जमू लागतो. किनाऱ्यावर कुरव मान झटकताना हजारदा दिसतात, पण त्या झटक्याचा अर्थ एकदा कळला की साधा पक्षी साधा राहत नाही. तो थेंब मिठाचा असतो, समुद्राहूनही खारट.

ही गोष्ट उघडकीला आली १९५७ साली, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर. शोध लावणारे क्नुट श्मिट-निल्सन हे मूळचे नॉर्वेचे. त्याआधी ते अल्जीरियाच्या सहारात जाऊन उंट पाण्यावाचून कसा तग धरतो याचा अभ्यास करून आले होते. वाळवंटाचा अभ्यासक समुद्राकडे वळला हे मला अगदी योग्य वाटतं. प्रश्न एकच होता. त्यांनी पाणकावळ्यांना मीठ दिलं आणि ते मूत्रातून किती बाहेर पडतं हे मोजायला घेतलं. मूत्रातलं मीठ पुरेसं भरेना. मात्र पक्षी सारखा मान झटकत होता आणि चोचीतून पाणी ठिबकत होतं. ते पाणी तपासलं तेव्हा उत्तर मिळालं.

पुढे कुरवावर केलेला त्यांचा प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला. सुमारे १४०० ग्रॅम वजनाच्या कुरवाला त्यांनी १३४ मिलिलिटर समुद्राचं पाणी पाजलं, म्हणजे त्याच्या वजनाच्या जवळपास दहाव्या हिश्श्याइतकं. त्या प्रमाणात आपल्याला पाजायचं तर सहा-सात लिटर पाजावं लागेल, आणि माणूस त्यातून वाचणार नाही. कुरवाने तीन तासांच्या आत जवळजवळ सगळं मीठ बाहेर टाकलं, त्यातलं बहुतांश नाकावाटे.

हे काम करणाऱ्या दोन ग्रंथी कुरवाच्या डोळ्यांच्या वर, कवटीच्या उथळ खोबणीत बसलेल्या असतात. शरीरशास्त्रज्ञांना त्या फार आधीपासून माहीत होत्या, पण त्या कशासाठी आहेत हे कळलेलं नव्हतं. ग्रंथीत बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्या नळ्यांना बिलगून रक्तवाहिन्या धावतात, पण उलट दिशेने: स्राव एकीकडे जातो, रक्त दुसरीकडून येतं. त्यामुळे नळीच्या पूर्ण लांबीभर मीठ रक्तातून स्रावाकडे ओढून घेता येतं. शेवटी जो थेंब तयार होतो त्यातलं मीठ समुद्राच्या जवळपास दुप्पट असतं. मूत्रपिंड चोवीस तास राबतं. ही ग्रंथी मात्र रक्तात मीठ वाढलं तरच जागी होते आणि काम संपलं की थांबते.

याहून विलक्षण म्हणजे ती गरजेप्रमाणे वाढते आणि आटते. गोड्या पाण्यावर ठेवलेल्या पक्ष्याला खारं पाणी दिलं तर काही दिवसांतच ग्रंथी मोठी होते, पुन्हा गोडं पाणी मिळू लागलं की लहान. आपल्याकडे येणारे तपकिरी डोक्याचे कुरव उन्हाळा घालवतात लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी, समुद्रापासून शेकडो कोस दूर. तिथून ते हिमालय ओलांडून येतात आणि अरबी समुद्रावर जेवू लागतात. आपण पक्ष्याचं स्थलांतर नकाशावर रेघ ओढून दाखवतो. त्या रेघेबरोबर पक्ष्याच्या आतले अवयवही बदलत असतात, हे मला त्या अंतरापेक्षा मोठं आश्चर्य वाटतं.

ही युक्ती एकट्या पक्ष्यांची नाही. दापोलीच्या उत्तरेला, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास आहे. तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने त्या घरट्यांची राखण सुरू केली आणि आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक दुरून येतात. अंडी घालणाऱ्या मादीच्या डोळ्यांतून घट्ट पाणी वाहताना दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, ती रडते आहे. कुरवाच्या नाकाचं जे काम, तेच कासवाच्या डोळ्यांचं: डोळ्यांजवळच्या ग्रंथी मीठ बाहेर टाकतात. कासव समुद्रात असतानाही हे अश्रू वाहतच असतात, फक्त तिथे ते दिसत नाहीत. श्मिट-निल्सन यांनी पक्ष्यांच्या पाठोपाठ १९५८ मध्ये समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांतल्या या ग्रंथींबद्दलही लिहिलं.

झाडांना मात्र उठून दुसरीकडे जाता येत नाही, मान झटकता येत नाही. पुळणीच्या वरच्या अंगाला, भरतीची रेघ संपते तिथे मर्यादवेल पसरलेली असते. पानं जाड, गुळगुळीत, टोकाशी दुभंगलेली, आणि जांभळट गुलाबी फुलं. तिच्यावर खाऱ्या तुषारांचा मारा सतत चालू असतो आणि पानावरचा मेणचट थर तो अडवतो. वाऱ्याने वाळू अंगावर आली तर वेल पेरापेरातून नवी मुळं सोडते आणि पुन्हा वर येते. वाळू धरून ठेवण्याचं तिचं काम फार मोलाचं आहे आणि किनारा सुशोभित करण्याच्या नादात ती उपटून टाकली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिची तहान भागते ती पायाखाली. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन या डच अभियंत्याने आणि १९०१ मध्ये जर्मनीच्या हेर्झबर्ग यांनी याचा हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर तिच्या खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा साठा असू शकतो. लाटेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कोकणी वाडीतली विहीर गोडी का लागते, याचं कारण बहुतेकदा हे असतं. अर्थात उपसा वाढला की तोल ढळतो आणि विहीर खारी होते.

खाजणातल्या झाडांच्या पायाशी असा गोडा साठा नसतो. तिथे दिवसातून दोनदा भरतीचं पाणी चढतं. कांदळ आपल्या कमानदार मुळांनी त्या चिखलात उभं असतं आणि मीठ मुळाशीच अडवतं, जवळपास ९९ टक्के. तिवरही सुमारे ९० टक्के मीठ आत येऊ देत नाही. जे उरतं ते पानांच्या ग्रंथींकडे सोपवतं. गाळणं म्हणायला सोपं आहे. समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी वेगळं ओढायला हवेच्या दाबाच्या पंचवीसपटीहून अधिक जोर लागतो. चेन्नईजवळ समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना आहे. तिथे हा जोर विजेचे पंप लावून आणतात. झाडाकडे पंप कुठला?

पेर शोलँडर या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हे मोजून दाखवलं. कापलेली डहाळी त्याने पोलादी डब्यात ठेवली, कापलेलं टोक झाकणातून बाहेर काढलं आणि डब्यात वायूचा दाब वाढवत नेला. टोकाशी रस कधी डोकावतो ते बघायचं. तो दाब म्हणजे झाडाच्या आत पाण्याला बसलेल्या ताणाइतका. उंच वृक्षांच्या शेंड्याच्या डहाळ्या मिळवायला त्याने बंदुकीने नेम धरून त्या पाडल्या होत्या. खारफुटीच्या डहाळ्यांत त्याला हवेच्या दाबाच्या ३० ते ६० पट ताण मिळाला, आणि बाहेर आलेला रस जवळजवळ गोडा. म्हणजे पानांतून पाणी उडून जाताना मागे जी ओढ निर्माण होते, तीच मुळाच्या गाळणीतून गोडं पाणी खेचून आणते. नंतर त्याने मुळं गोठणबिंदूच्या जवळ गार करून पाहिली, विष देऊन पाहिली. गाळण्याचं काम चालूच राहिलं. मुळाला त्यासाठी स्वतःची ताकद खर्चावी लागत नाही. ऊन आणि वारा हेच त्या कांदळवनाचे पंप.

खाजणाच्या कडेला, मिठागरांच्या बांधांवर मोरस उगवतो. त्याच्याकडे गाळणीही नाही आणि बाहेर टाकणाऱ्या ग्रंथीही नाहीत. तो मीठ आत घेतो, मांसल पानांच्या पेशींमध्ये वेगळं कोंडून ठेवतो आणि तिथे पाणी भरून पान फुगवतो. कोरडे दिवस वाढले, जमिनीतलं मीठ चढलं की हिरवी झुडपं लालसर होऊ लागतात आणि मिठाने भरलेली जुनी पानं गळून जातात. रायगड-पालघरच्या खाडीकाठची माणसं या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. पाला आधी उकळून ते पाणी टाकून देतात, पिळून घेतात, मग फोडणीला टाकतात. वरून मीठ घालावं लागत नाही.